कशासाठी, ते कुठे लिहायचं?

पावसाळ्यात गोव्यातल्या मोरजीला मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो आणि किनाऱ्याजवळच्या पंपघरांत तांब्याच्या टर्मिनलवर हिरवट पूड बसते. पूड ब्रशने निघते. वारा खारट आहे, तेव्हा ती पुन्हा बसणार हेही सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच पॅनलमध्ये, पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, पुढच्या अंगाला एका बारीक खाचेत, दोन बोटांच्या चिमटीत मावेल असं एक कार्ड बसवलेलं असतं. त्याच्याकडे सहसा कोणाची नजर जात नाही. पंप कधी सुरू व्हावा, टाकी किती भरल्यावर थांबावा, दोन पंपांनी पाळी कशी बदलावी, एक जळाला तर दुसऱ्याने किती वेळात उभं राहावं, हे सगळं त्या कार्डावर असतं. काही जातीचे कंट्रोलर तर कार्डाशिवाय चालतच नाहीत. कार्ड काढलं की पंप, मोटर, केबल सगळं जागेवर असूनही पाणी वर चढत नाही.

माझं काम या कार्डांचं. तुये औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखाने, डिचोलीकडची काही युनिटं, मोरजी-आश्वेच्या पट्ट्यातली हॉटेलं आणि त्यांचे सांडपाण्याचे प्लांट, अशी माझी फिरती असते. लोक मला ‘पीएलसीवाला’ म्हणतात. गाडीच्या डिकीत लॅपटॉप, केबलींचा गुंता आणि लहान लहान पाकिटांत कार्डं. प्रत्येक पाकिटावर मशीनचं नाव आणि तारीख. या कामात वर्षं घालवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे: मशीनने काय करावं हे साठवण्याची सोय माणसाने अतिशय उत्तम केली, पण ते कशासाठी करावं हे साठवण्याकडे आपण फार कमी लक्ष दिलं. कार्ड सांभाळणं म्हणजे या दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष देणं, असं मला वाटतं.

थोडं मागे जाऊन सांगतो. १९६८ च्या १ जानेवारीला अमेरिकेत डिक मॉर्ली नावाच्या इंजिनिअरने एका नव्या प्रकारच्या कंट्रोलरचं टिपण लिहिलं. तोवर कारखान्यातलं मशीन काय करणार हे रिले नावाच्या विद्युत स्विचांच्या तारांवर ठरत असे. मोटारींचं मॉडेल बदललं की भिंतभर पॅनलमधल्या तारा उपटून नव्याने जोडायच्या. जनरल मोटर्ससारख्या कंपनीला दर वेळी हा खर्च आणि हा वेळ परवडेना. मॉर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ हा कंट्रोलर बनवला, आणि तारांची जागा स्मृतीने घेतली. पहिली स्मृती चुंबकीय कोअरची होती. वीज गेली तरी टिकणारी. पण तंत्राने नेहमी सरळ रेषेत प्रगती केली असं नाही. पुढे स्वस्त आणि वेगवान चिप्स आल्या, त्या विजेशिवाय विसरणाऱ्या. मग त्यांना शेजारी लिथियमची बॅटरी द्यावी लागली.

काही ठिकाणी ईप्रॉम नावाची चिप असे. तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असायची. जुना प्रोग्राम पुसायचा तर ती चिप अतिनील दिव्याखाली ठेवायची, मग नवा भरायचा. उन्हातही ती हळूहळू पुसली जाऊ शके, म्हणून खिडकीवर कागदाचा स्टिकर चिकटवत. मला तो स्टिकर फार आवडतो. प्रकाशापासून रक्षणासाठी लावलेल्या त्या कागदावर कोणीतरी पेनाने मशीनचं नाव लिहायचं, तारीख टाकायचं, कधी कधी एखादा शब्दही. चिपच्या आत हजारो बाइट, आणि माणसाच्या हातचं तेवढंच. आज जुन्या पॅनलमधून अशी चिप निघाली की आतला प्रोग्राम वाचायला साधन सापडत नाही, पण स्टिकर वाचता येतो.

बॅटरीचं दुखणं मी डिचोलीच्या बाजूला, खाणींच्या भागात, जवळून पाहिलं. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातलं खाणकाम थांबलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. २०१४ मध्ये ती उठली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चमध्ये सगळं पुन्हा ठप्प झालं. या काळात ट्रकांच्या रांगा, बंद गॅरेजं, बार्जींचे उभे सांगाडे यांबद्दल वर्तमानपत्रांतून खूप लिहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. माणसांची पोटं त्यावर होती. पण खाणींवर अवलंबून असलेल्या लहानमोठ्या युनिटांच्या शेडमध्ये, वीजजोड तोडलेल्या पॅनलांच्या आत आणखी एक गोष्ट घडत होती. तिथले जुने कंट्रोलर बॅटरीवर आपला प्रोग्राम धरून होते. वीज चालू असते तेव्हा त्या बॅटरीवर भार नसतो. वीज गेली की ती एकटीच असते. बॅटरी बदलायची तर पॅनल चालू ठेवून बदलावी लागते, नाहीतर बदलतानाच सगळं पुसलं जातं. बंद शेडमध्ये हे करायला कोणीच नव्हतं. पुढे एका युनिटच्या मालकाने मला बोलावलं. कन्व्हेयर ठीक, मोटरी गंजलेल्या पण दुरुस्त होण्यासारख्या, पण कंट्रोलर कोरा. प्रोग्रामची प्रत असलेला कॉम्प्युटर भंगारात गेला होता. ज्याने प्रोग्राम लिहिला तो आखातात. शेवटी तिथे काम केलेल्या दोन जुन्या कामगारांना बोलावलं, चहा मागवला आणि पट्टा कुठून सुरू व्हायचा, काय आधी थांबायचं, भोंगा कधी वाजायचा, हे त्यांच्या तोंडून ऐकत पुन्हा लिहिलं. त्यांना सगळं आठवत होतं. उलटा क्रम लावला तर खनिज कुठल्या वळणावर सांडतं हे एकाने जमिनीवर खडूने काढून दाखवलं.

फ्लॅश स्मृतीने ही बॅटरीची चिंता संपवली. १९८० च्या दशकात जपानमध्ये तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅशची कल्पना मांडली, आणि १९९७ मध्ये सॅनडिस्क आणि सीमेन्स यांनी मिळून मल्टिमीडिया कार्ड आणलं. ते कॅमेऱ्यांत, फोनांत गेलं. पुढे त्याच धर्तीचं कार्ड कारखान्यातही आलं. सीमेन्सच्या एस७-३०० मालिकेतल्या नंतरच्या कंट्रोलरांना बॅटरी लागत नाही. त्यांचा प्रोग्राम ६४ किलोबाइटपासून ८ मेगाबाइटपर्यंतच्या कार्डावर राहतो. आज फोनमधला एक फोटोही यातल्या लहान कार्डांवर मावणार नाही. एवढ्याशा जागेत अख्ख्या कारखान्याची शिस्त मावते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

एस७-१२००, एस७-१५०० या नव्या मालिकांचं कार्ड दिसायला बाजारातल्या एसडी कार्डासारखंच असतं, आणि गैरसमज तिथेच सुरू होतो. ते लॅपटॉपच्या खाचेत घातलं की उघडतं, आत फायली दिसतात. ‘एस७ जॉब’ या नावाची एक छोटी फाइल असते. हे कार्ड कशासाठी आहे, म्हणजे प्रोग्राम त्यावरूनच चालवायचा, की एकदा कंट्रोलरमध्ये उतरवून कार्ड काढायचं (हे ट्रान्सफर कार्ड), की फर्मवेअर बदलायचं, हे ती सांगते. ‘सिमॅटिक’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रोग्राम असतो. शिवाय दोन लपलेल्या फायली असतात. कार्ड साफ करायचं असेल तर जॉबची फाइल आणि प्रोग्रामचा फोल्डर काढायचा. लपलेल्या दोन फायलींना हात लावायचा नाही, आणि विंडोजमधून कार्ड फॉरमॅट तर कधीच करायचं नाही. तसं केलं की कार्ड फोटो ठेवण्यापुरतं उरतं. कंट्रोलर त्याला आपलं मानत नाही. नव्या मुलांना मी सांगतो, लॅपटॉप कधी ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतो, तेव्हा उत्तर ठरलेलं: नाही. आणि एस७-१२०० सारख्या चालू कंट्रोलरमध्ये कार्ड घातलं की तो थांबतो, तेव्हा पाळी चालू असताना कुतूहल आवरायचं.

हे सगळं नीट सांभाळलं तर फायदा मोठा आहे. मध्यरात्री तुयेला वीज गेली-आली आणि कंट्रोलर जळाला, तर रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन स्टोअरमधून त्याच जातीचा दुसरा काढतो, जुन्यातलं कार्ड नव्यात घालतो, वीज देतो आणि मशीन सुरू करतो. लॅपटॉप नाही, मला फोन नाही. माझी झोप वाचते हे खरं, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या मुलाचं काम त्याच्या हातात राहतं.

मशीनने काय करायचं ही बाजू अशी भक्कम झाली आहे. आता दुसरी.

मोरजीतल्याच एका हॉटेलमध्ये बाहेरच्या दिव्यांत बिघाड आहे म्हणून मला बोलावलं होतं. व्यवस्थापक बाहेरगावचे, नव्याने आलेले. तक्रार अशी की समुद्राच्या बाजूचे दिवे हिवाळ्यात लागतच नाहीत, ऐन पर्यटनाच्या हंगामात. कंट्रोलर जुना होता, प्रोग्रामची प्रत कोणाकडे नव्हती, म्हणून मी तो कंट्रोलरमधूनच लॅपटॉपवर ओढून घेतला. जुन्या कंट्रोलरांतून प्रोग्राम असा परत घेतला की नावं येत नाहीत. लिहिणाऱ्याने ‘टाकीची खालची पातळी’ असं नाव दिलेलं असलं तरी ते त्याच्या लॅपटॉपवर राहतं. आपल्या हाती फक्त ‘एम १०.३’ आणि ‘क्यू ०.५’ असे पत्ते लागतात. टिपणंही येत नाहीत. त्या ओळींत एक ओळ अशी होती: घड्याळातून महिना काढायचा, तो दहापेक्षा मोठा किंवा सहापेक्षा लहान असेल, तर अंधार पडल्यावर क्यू ०.५ बंद. तर्क निर्दोष होता. बिघाड कुठेच नव्हता. कोणीतरी मुद्दाम हे लिहिलं होतं, आणि कशासाठी ते मशीनला विचारून कळणार नव्हतं.

बागेत पाणी घालणारे एक वयस्क गृहस्थ होते, गावातलेच. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, “ते लायट कांसवांक लागून बंद करतात.”

मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून गावकरी आणि वन खातं मिळून त्यांची घरटी राखत आले आहेत. नोव्हेंबरच्या सुमारास माद्या यायला लागतात. अंडी साधारण पन्नास दिवसांत फुटतात. शेवटची पिल्लं उन्हाळा तापेपर्यंत निघत राहतात. वाळूतून वर आलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं, कारण मोकळ्या रात्री किनाऱ्यापेक्षा समुद्राकडचं क्षितिज उजळ असतं. किनाऱ्यावर दिवे असले की ते उलट वाटेने जातं आणि पहाटेपर्यंत मरतं. दहापेक्षा मोठा किंवा सहापेक्षा लहान: नोव्हेंबर ते मे. हे सगळं माहीत असलेल्या कोणा तंत्रज्ञाने ती एक ओळ लिहिली होती. व्यवस्थापकांना मी हे सांगितलं. ते भले गृहस्थ, लगेच म्हणाले, राहू द्या. पण माझ्या जागी बेळगावहून किंवा पुण्याहून आलेला, घाईत असलेला कोणी असता, आणि बागेत ते गृहस्थ नसते, तर तक्रार मिटवण्यासाठी ती ओळ काढली गेली असती. त्यात कोणाचाच वाईट हेतू नसता.

आमच्या पेडण्यात अशी एक परंपरा आहे जिला लिहून ठेवावं लागत नाही, आणि तिची आठवण मला या कामात नेहमी येते. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. रंगपटात बसून आख्यान ठरतं, आणि मग रात्रभर नट स्वतःचे संवाद स्वतः उभे करतात. एकाने काय टाकलं की दुसऱ्याने काय उचलायचं, हे ठरलेलं नसूनही चुकत नाही. हे जमतं कारण मंडळी अख्खा हंगाम एका गाडीतून हिंडतात, एका पंक्तीला जेवतात, धाकटा नट थोरल्याच्या मागे उभा राहून वर्षानुवर्षं शिकतो. काय करायचं आणि का करायचं हे एकाच माणसात एकत्र राहतं. कारखान्यात तसं काही उरलेलं नाही. प्रोग्राम लिहिणारा कंत्राटी, बसवणारा वेगळा, चालवणारा तिसऱ्याच एजन्सीचा. २०२३ च्या जानेवारीत मोप्याचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या भागातली चांगली पोरं तिकडच्या नोकऱ्यांकडे वळली. त्यात गैर काहीच नाही, पगार नियमित आहे. पण एक मुलगा गेला की तीन मशीनांची कारणं त्याच्याबरोबर जातात. ज्या कामाला मंडळी उरली नाही, त्या कामाला संहिता लागणारच.

औषध कारखान्यांत ही संहिता काही प्रमाणात आहे. तिथे प्रोग्राममध्ये काहीही बदलायचं तर आधी कागद भरावा लागतो, आणि त्यात बदलाचं कारण लिहायला रकाना असतो. मला त्या रकान्याबद्दल आदर आहे. पण कितीदा तरी त्यात ‘सुधारणा’ किंवा ‘गरजेनुसार’ एवढंच लिहिलेलं दिसतं. पाच वर्षांनी तो कागद उघडणाऱ्याला त्यातून काहीही मिळत नाही. लिहिणाऱ्याने आणखी दोन मिनिटं दिली असती तर पुढच्या माणसाचे दोन दिवस वाचले असते.

फायली नीट ठेवण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते जगाला २०१० मध्ये कळलं. त्या वर्षी स्टक्सनेट नावाचा प्रोग्राम उघडकीला आला. इराणमधल्या नतान्झ इथल्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजवर त्याचा रोख होता, आणि ज्या कंट्रोलरांत तो घुसला ते सीमेन्सच्या एस७ मालिकेतले, म्हणजे आमच्या रोजच्या कामातलेच. त्याने कंट्रोलरमधला प्रोग्राम बदलला, आणि इंजिनिअरने लॅपटॉप जोडून पाहिलं तर त्याला मूळ, न बदललेला प्रोग्राम दिसावा अशी व्यवस्था केली. मशीन एक करत होतं आणि पडदा दुसरं दाखवत होता. आमच्याकडे कोणी इतका खटाटोप करणार नाही. तरीही लॅपटॉपवरचा आणि मशीनमधला प्रोग्राम वेगळा असणं आमच्याकडे रोजचं आहे, आणि त्याला कोणा गुप्तहेराची गरज लागत नाही. रात्री लाइन चालू करायच्या गडबडीत कोणीतरी टायमर पाच सेकंदांचा आठ करतो, ‘फायनल’ नावाच्या फोल्डरशेजारी ‘फायनल नवीन’ तयार होतो, आणि तो मुलगा लॅपटॉप घेऊन दुसऱ्या साइटवर जातो. म्हणून मी कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी आतला आणि बाहेरचा प्रोग्राम ताडून पाहतो. फरक निघाला की तो बदल कोणी आणि कशासाठी केला ते शोधतो. आठ सेकंदांमागे बहुतेक वेळा खरं कारण असतं: व्हॉल्व्ह जुना झाला, सावकाश बंद होतो. मग खरी दुरुस्ती व्हॉल्व्हची.

मालकांना माझं एक सांगणं असतं. मशीन विकत घेताना ऑर्डरमध्येच लिहून घ्या: मूळ प्रोजेक्ट, नावं आणि टिपणांसकट, पासवर्डसकट मिळाला पाहिजे. पासवर्ड कोणाच्याच लक्षात नसेल तर एस७-१२०० मध्ये कोरं ट्रान्सफर कार्ड घालून सुटका करता येते, पण पासवर्डबरोबर प्रोग्रामही पुसला जातो. काही पुरवठादार पासवर्ड देत नाहीत; पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला त्यांनाच बोलवावं लागावं म्हणून. त्यांच्या मेहनतीचं मोल मला कळतं. तरीही ज्याच्या शेडमध्ये मशीन उभं आहे त्याला ते समजून घेण्याचा हक्क आहे, असंच मी मानतो.

नव्या कंट्रोलरांनी बरीच अडचण दूर केली आहे. त्यांच्यात नावं आणि टिपणं प्रोग्रामबरोबरच आत जातात आणि परत येतात. एस७-१५०० च्या कार्डावर साधी टेक्स्ट फाइलही ठेवता येते. मी ती ठेवायला लागलो आहे, आणि मराठीत लिहितो, कारण ती वाचणारा मुलगा पेडण्याचा, दोडामार्गचा किंवा सावंतवाडीचा असतो. प्रोग्राममध्ये जे आहे ते तिथे पुन्हा लिहीत नाही. ‘सांडपाण्याचा ब्लोअर रात्रीही मधूनमधून चालतो. आवाजाची तक्रार आली तरी बंद करू नये, हवा न मिळाल्यास घाण खाणारे जिवाणू मरतात आणि प्लांट पुन्हा लागायला काही आठवडे जातात.’ ‘पंप दोन आधी सुरू होतो, कारण पंप एकची पाइप उंचावर आहे आणि तिच्यात हवा धरते.’ अशी वाक्यं. प्रत्येकाखाली तारीख. तीच फाइल छापून पॅनलच्या दाराला आतून प्लास्टिकच्या पिशवीत लावतो, कारण खारा वारा कागदाला लागतो पण पिशवीला नाही.

तुयेच्या एका कारखान्यात पाणी गाळण्याच्या प्लांटला अशी फाइल आहे. यंदा पहिल्या पावसानंतर तिथे गेलो तेव्हा छापील कागदाच्या खाली पेनाने एक ओळ वाढलेली दिसली. पाळीवर असलेल्या ऑपरेटरने लिहिली होती: विहिरीचं पाणी गढूळ झालं की फिल्टर दिवसातून एकदा धुवून पुरत नाही, दोनदा धुवावा लागतो, म्हणून दुपारी हाताने व्हॉल्व्ह फिरवतो. प्रोग्राममध्ये हे कुठेच नव्हतं. तो किती पावसाळे हे करत आला आहे, कोणी विचारलंच नव्हतं. त्याच्याशी बोलून गढूळपणा किती वाढला की धुवायचं ते ठरवलं आहे. सेन्सर आला की ती दुसरी धुलाई प्रोग्राममध्ये जाईल, आणि त्या ओळीच्या टिपणात त्याचंच वाक्य, त्याच्याच शब्दांत.